पावणेचार इंचांचे शिलेदार

आमच्या जुन्या वाड्याच्या जागी इमारत उभी करण्याचा करार गेल्या वर्षी झाला आणि माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले. तांब्यापितळेची भांडी, वडिलांच्या कचेरीतल्या कागदांचे रुमाल, आजीचे जाते, असे सारे खाली उतरवून झाल्यावर अगदी भिंतीलगत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा हाताला लागला. हात तुटलेले मातीचे चार-पाच मावळे, रंग उडालेला एक वाघ आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा एक हिरवा सैनिक त्यात होता, कंबरेपाशी दुभंगलेला. छाती, मस्तक व दोन्ही हात एका बाजूस, पाय दुसऱ्या बाजूस, आणि या दोहोंना इतकी वर्षे एकत्र धरून ठेवणारी जी रबराची लहानशी कडी, तिचे वाळलेले तीन तुकडे डब्याच्या तळाशी.

तो सैनिक मी व माझ्या धाकट्या भावाने मिळून विकत घेतला होता. त्याला वाढदिवसाला मामाने दिलेले पैसे आणि मला भाऊबीजेला मिळालेली ओवाळणी, म्हणजे वडिलांनी त्याच्या मुठीत ठेवलेली आणि त्याने माझ्या तबकात टाकलेली नोट, या दोन्ही रकमा एकत्र केल्या तेव्हा कुठे त्या एका खेळण्याची किंमत भरली. दिवाळी संपली होती, पण अंगणातला किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत मोडायचा नाही असा घरचा रिवाज असल्यामुळे विटांवर गोणपाट टाकून, लाल माती लिंपून आणि अळीव पेरून हिरवा केलेला तो गड अजून उभा होता. सिंहासनावर महाराज, पायऱ्यांवर मावळे आणि महादरवाजावर परमुलखातून आलेला हा नवा गडी, अशी शिबंदीची व्यवस्था भावाने लावली. मातीचा मावळा ज्या पवित्र्यात साच्यातून निघाला त्याच पवित्र्यात जन्मभर उभा राहतो. हा मात्र गुडघा टेकू शकत होता, मान वळवू शकत होता, आणि म्हणून बुरुजाआडून पाहणे त्यालाच शोभत होते. वडिलांनी त्याला पाहून एवढेच म्हटले की, आपली हत्यारे आपणच घेऊन आला आहे, तेव्हा हा बारगीर नव्हे, शिलेदार. त्या दिवसापासून त्याचे नाव शिलेदार पडले. कार्डावर छापलेले त्याचे इंग्रजी नाव आम्ही दोघेही विसरून गेलो.

डबा उघडल्यावर मी तो जसाच्या तसा भंगारात का टाकला नाही, हे मला सांगता येणार नाही. परंतु त्या डब्याच्या निमित्ताने पुढील काही महिने मी ज्या माणसांत वावरले, जी कपाटे पाहिली आणि जी नोंदवही वाचली, त्यांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ आहे. प्रौढ वयात, संसार आणि नोकरी सांभाळून, बालपणीची खेळणी जमवणाऱ्या माणसांकडे आपला समाज अजून कौतुकमिश्रित दयेने पाहतो. ती दया अनाठायी आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

माझ्या एका सहकारिणीच्या ओळखीने ज्या गृहस्थांकडे मी तो डबा घेऊन गेले, ते पुण्यात बँकेत नोकरीला आहेत आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहेत. नाव व पत्ता छापू नये, ही त्यांची अट मी पाळते आहे. त्यांच्या घराच्या उत्तरेकडील खोलीत काचेच्या दारांची चार कपाटे आहेत आणि खिडकीला दिवसाही जाड पडदा असतो. कपाटांत पावणेचार इंच उंचीचे सैनिक ओळीने उभे आहेत, त्यांच्या खालच्या फळीवर हीमॅन आणि त्याचे स्नायूपुष्ट सोबती, त्याखाली इंद्रजाल कॉमिक्सचे बांधलेले अंक, आणि एका कोपऱ्यात सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेली लाकडी फळे, जी या संग्रहात कशी आली असे विचारल्यावर ते म्हणाले, “ती आईची आहेत. तिचाही खण असायला हवा ना?”

आई तिथेच बसल्या होत्या. “याला लहानपणी एकच घेऊन दिला होता,” त्या मला म्हणाल्या. “दुसरा मागायचा नाही असं सांगितलं होतं, आणि यानं मागितलाही नाही.” एवढे बोलून त्या उठून चहाचे पाहायला गेल्या, आणि मला वाटते, त्या चार कपाटांविषयी इतके नेमके दुसरे कोणी काही सांगू शकणार नाही.

गृहस्थांनी माझा शिलेदार हातात घेतला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेही नाही. त्यांनी तो पालथा केला, भिंगातून कटिप्रदेशाच्या मागच्या बाजूला कोरलेला सूक्ष्म मजकूर वाचला, मग कोपरांच्या सांध्यांवर नखाने हलकेच टोचून पाहिले, आणि शेवटी दोन्ही हातांचे अंगठे पाहून म्हणाले, “उजवा अंगठा गेला आहे. बाकी अव्वल. हा गोव्याचा आहे, ताई.”

गोव्याचा, या शब्दाचा उलगडा करण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने जी. आय. जो या नावाने सुमारे फूटभर उंचीचा एक सैनिक बाजारात आणला. त्याला कपडे घालता व काढता येत, त्याचे अवयव एकवीस ठिकाणी हलत, आणि कोणत्याही तटस्थ व्याख्येप्रमाणे तो बाहुला होता. परंतु मुलगे बाहुल्यांशी खेळत नाहीत, अशी तेथील व्यापाऱ्यांची आणि पालकांची ठाम समजूत असल्यामुळे ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा नवा शब्दप्रयोग रूढ करण्यात आला. आपल्याकडे बाहुलाबाहुलीचे लग्न लावण्याच्या खेळात वरपक्षाकडून मुलगेही उभे राहत आणि ‘बाहुला’ या शब्दात कोणाला कमीपणा वाटत नसे. मनुष्यदेहाच्या आकृतीवर कोणाला मालकी सांगता येत नाही, म्हणून त्या सैनिकाच्या उजव्या गालावर एक व्रण कोरला होता. शिवाय त्याच्या उजव्या अंगठ्याचे नख उलट्या बाजूस, म्हणजे आतून होते. ही मूळची चूक होती, पण ती तशीच ठेवण्यात आली, कारण नक्कल करणाऱ्याने तीही उचलली की चोरी आपोआप शाबीत होई. या पहिल्या सैनिकाचा मूळ नमुना २००३ साली दोन लाख डॉलरांना विकला गेला.

पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ चित्रपट आला आणि खेळण्यांचे मापच बदलले. सिनसिनाटीच्या केनर कंपनीकडे त्याचे हक्क होते. पण चित्रपटाला एवढे यश मिळेल याची कल्पना नसल्यामुळे नाताळापर्यंत एकही आकृती तयार होऊ शकली नाही. तेव्हा त्या कंपनीने दुकानांत चक्क रिकामी पाकिटे विकली: पुठ्ठ्याचे एक चित्र, आणि ‘आकृत्या तयार होताच घरपोच पाठवू’ असे वचन देणारे एक प्रमाणपत्र. मुलांनी ती नाताळची भेट म्हणून घेतली, आणि १९७८च्या प्रारंभी चार आकृत्या टपालाने घरोघरी पोहोचल्या. मुलाच्या हातात मावतील आणि ज्यांच्यासाठी याने व वाहनेही परवडतील, अशा या पावणेचार इंचांच्या आकृत्या होत्या. हॅस्ब्रोने १९८२ साली जी. आय. जो पुन्हा काढला तो याच मापाचा. मात्र केनरच्या आकृत्यांना मान, खांदे व मांड्या एवढेच सांधे होते, तर या नव्या सैनिकाला गुडघे, कोपरे आणि कंबरही वळवता येत असे. ही लवचीकता साधण्यासाठी धडाच्या आत रबराची कडी घालावी लागली. सैनिकाचा जीव त्या कडीत, असे म्हटले तरी चालेल.

आता गोवा. १९८७ साली मद्रासच्या एमआरएफ या टायर बनवणाऱ्या कंपनीने हॅस्ब्रोशी भागीदारी करून फनस्कूल ही कंपनी उभी केली आणि तिच्या गोव्यातील कारखान्यात हे सैनिक तयार होऊ लागले. पोलादी साचा ही मोठी खर्चाची वस्तू असते. अमेरिकेतील उत्पादन संपल्यावर तो निकामी न ठेवता दुसऱ्या देशातील भागीदाराकडे पाठवला जाई. असे साचे ब्राझीलला एस्त्रेला कंपनीकडे गेले, अर्जेंटिनाला प्लास्तिरामाकडे गेले, आणि गोव्यालाही आले. साचा तोच, परंतु त्यात ओतायचे प्लास्टिक आणि वरून द्यायचा रंग त्या त्या देशातला. त्यामुळे अमेरिकेत करड्या रंगाचा निघालेला गडी येथे पिवळा निघे, त्याच्या टोपीची छटा दुसऱ्या खेपेला बदले, मिशीचा रंग एका खेपेत काळा तर पुढच्या खेपेत तपकिरी असे. या भेदांना संग्राहक ‘व्हेरिएंट’ म्हणतात. आमच्या लहानपणी ते भेद कोणाच्या लक्षातही आले नाहीत, कारण एका घरात एकच सैनिक असे आणि ताडून पाहायला दुसरा नसे.

शिवाय गोव्याच्या कारखान्याने एक गोष्ट अशी केली, जी अमेरिकेत झालीच नाही. दूरदर्शनवर ‘स्ट्रीट हॉक’ ही काळ्या मोटारसायकलीवरच्या नायकाची अमेरिकन मालिका दाखवली गेली आणि इथल्या मुलांनी ती इतकी डोक्यावर घेतली की फनस्कूलने सैनिकांच्याच मापात स्ट्रीट हॉकची आकृती काढली. परदेशातील संग्राहक आज तिच्या शोधात असतात. हीमॅनची कथाही याच धर्तीची: मॅटेल कंपनीने १९८२ साली खेळणे आधी काढले, चित्रमालिका त्याच्यामागून पुढच्या वर्षी आली, भारतात ती खेळणी ब्लो प्लास्ट कंपनीच्या लिओ या नावाखाली मॅटेलच्या सहकार्याने निघाली, आणि मालिका दूरदर्शनने दाखवली. खेळणे खपवण्यासाठी कथा रचायची, हा अमेरिकेतला हिशोब आम्हां मुलांच्या गावीही नव्हता. आम्हांला कथा फुकट मिळाली आणि खेळणे दुकानाच्या काचेपलीकडे राहिले. माझ्या पिढीतल्या पुष्कळ संग्राहकांच्या ध्यासाचे मूळ या अंतरात आहे, गमावलेल्या वस्तूत नाही. जी वस्तू कधी हाती आलीच नाही, तिची आठवण हातातून सुटलेल्या वस्तूच्या आठवणीपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते.

अमेरिकेतील जी. आय. जो सैनिकांची खेळण्यांची मालिका १९९४ साली बंद पडली. गोव्याचे साचे मात्र चालूच होते, ते थेट नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत. आणि त्या अवधीत अमेरिकेतल्या मोठ्या झालेल्या मुलांच्या ध्यानात आले की आपल्याकडे जे केव्हाच संपले ते हिंदुस्थानात अजून दुकानात टांगलेले मिळते. तेथील व्यापाऱ्यांनी खोकीच्या खोकी मागवली. मिरज, अकोला किंवा मडगाव येथील दुकानात मुलाने हट्ट धरून न मिळालेला सैनिक त्या सुमारास अमेरिकेतल्या एखाद्या प्रौढाच्या कपाटात जाऊन उभा राहिला असेल, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

माझ्या शिलेदाराच्या पाठीवर १९८५ हे साल कोरलेले होते. मी तो त्याचा जन्म समजत होते. गृहस्थांनी समजावले की ते साल साच्याच्या हक्काचे. सैनिक प्रत्यक्ष ओतला कधी गेला हे त्यावरून कळत नाही. ते ठरवायचे तर कार्डावरच्या छापील किमतीचा शिक्का, बोधचिन्हाची ठेवण, प्लास्टिकची छटा, रंगरेषेची जाडी, अशा खुणा एकमेकांशी ताडून पाहाव्या लागतात. जुन्या मोडी कागदाची मिती, शिक्का, हस्ताक्षर व कागदाचा पोत यांवरून संशोधक त्याचा काळ ठरवतो, तीच ही रीत. आणि विषय लहान म्हणून तिची शिस्त सैल असते असे मुळीच नाही. त्यांच्या खतावणीत प्रत्येक आकृतीला एक आडवी ओळ आहे. अनुक्रमांक, नाव, साच्याचे साल, कार्डावरचा की सुटा, रंगभेद, मोडतोड, बदललेले भाग, प्राप्तिस्थान, मूळ मालक, असे रकाने आहेत. नवे सामान घातले असेल तर ते तांबड्या शाईने लिहायचे, म्हणजे पुढे कोणाच्या हाती ही वही पडली तर त्याची फसवणूक होऊ नये. एवढा प्रामाणिकपणा मी पुष्कळ मोठ्या दप्तरांत पाहिलेला नाही.

त्यांनी घड्याळजीचा बारीक पेचकस काढला आणि पाठीवरचा एकुलता एक स्क्रू सोडवला. छातीचे दोन शिंपले अलग झाले, हात आपोआप सुटून टेबलावर आले, आणि आत एक लहानसा खुंट दिसला. पायांच्या वरच्या टोकाला धातूचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा आकडा असतो. नवी रबरी कडी त्या आकड्यात ओवून त्यांनी ती कमरेच्या तुकड्यातून वर ओढली, चिमट्याने ताणून खुंटावर चढवली, हात आपापल्या खोबणीत बसवले आणि छातीची पुढची बाजू वरून मिटली. स्क्रू फिरवताना त्यांनी श्वास रोखला होता. फार आवळला तर जुने प्लास्टिक तडकते. मग त्यांनी सैनिकाला हातात धरून कंबरेत डावीकडे-उजवीकडे वळवले, आणि ते ताणलेले रबर आतल्या आत हलके कुरकुरले. तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता, आणि तो मला ओळखता आला. टायर बनवणाऱ्यांनी काढलेल्या कारखान्यात जन्मलेल्या या गड्याचे सारे शरीर रबराच्या एका कडीवर तोलून असावे, हा योगायोग मला त्या क्षणी फार हृद्य वाटला.

पण कडी बदलता येते. प्लास्टिकच्या वार्धक्यावर एवढा सोपा इलाज नाही. उन्हातील अतिनील किरणांनी काही प्लास्टिके पिवळी पडतात, म्हणून त्या खोलीला जाड पडदा. मऊ प्लास्टिक लवचीक राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळलेले असते ते वर्षानुवर्षे हळूहळू बाहेर झिरपते, आणि आकृतीला घाम सुटल्यासारखी ती चिकट होते. संग्राहक अशा आकृतीला कोमट पाण्यात सौम्य साबणाने, दात घासण्याच्या जुन्या ब्रशने न्हाऊ घालतो, सावलीत वाळवतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात आर्द्रता शोषणाऱ्या खड्यांच्या पुरचुंड्या ठेवतो. हे काम दर वर्षी करायचे असते. ज्या वस्तू दोन-तीन हंगाम टिकाव्यात एवढ्याच अपेक्षेने केल्या गेल्या, त्यांना तीस-चाळीस वर्षे सांभाळायचे म्हणजे त्यांच्या कर्त्यांनीही त्यांच्याविषयी जेवढी आस्था बाळगली नाही तेवढी आपण बाळगायची.

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर जुन्या बाजारात गेले. पुण्याचा हा बाजार बुधवारी व रविवारी भरतो. ताडपत्र्यांवर लोखंडी सामान, बंद पडलेली घड्याळे, काचा फुटलेले कॅमेरे, नळाच्या तोट्या आणि चावी हरवलेली कुलुपे मांडलेली असतात, आणि त्यांमध्येच कुठे तरी एखाद्या खोक्यात मुलांची टाकून दिलेली खेळणी. अशा खोक्यापाशी ते उकिडवे बसत आणि एकेक अवयव बाजूला काढत: एखादा सुटा हात, एखादी पाठपिशवी, करंगळीच्या पेराएवढी बंदूक. दुकानदार म्हणाला, “साहेब, सगळा ढीगच घेऊन जा, काय एकेक निवडताय.” त्यांनी एक उजवा हात घेतला, फक्त कोपरासाठी. माझ्या शिलेदारासाठीही तसा हात मिळेल का, असे मी विचारले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “मिळेल. पण तो तुमचा अंगठा नसेल.”

मुंबईच्या चोर बाजारातील मटन स्ट्रीटवर हिंदी चित्रपटांची जुनी पोस्टरे, तबकड्या आणि पत्र्याच्या मोटारी मिळतात, आणि तेथील काही दुकानदार स्वतःच जाणते संग्राहक आहेत. मोठा बाजार अर्थात परदेशात आहे. स्टार वॉर्समधील बोबा फेट या पात्राची एक आकृती पाठीवरचे रॉकेट उडवणारी अशी योजली होती. परंतु मुलांच्या घशात तो तुकडा अडकण्याचा धोका ध्यानात घेऊन ती विक्रीला आलीच नाही, आणि कारखान्यात राहिलेल्या तिच्या नमुन्यांपैकी हाताने रंगवलेला एक नमुना २०२४ साली पाच लाख पंचवीस हजार डॉलरांना विकला गेला. न उघडलेली कार्डे तेथे तज्ज्ञांकडून तपासून, गुणांक देऊन, पारदर्शक पेटीत मोहोरबंद केली जातात. त्याने वस्तू सुरक्षित राहते हे मला मान्य आहे, आणि कार्डाच्या मागे लॅरी हामा या लेखकाने त्या त्या सैनिकाची जी छोटीशी व्यक्तिरेखा लिहिलेली असे ती अशा कार्डांमुळेच अखंड राहिली, हेही खरे. तरी माझे मन सुट्या सैनिकांकडेच ओढ घेते. माझ्या भावाने ते व्यक्तिचित्र कात्रीने कापून कंपासपेटीच्या झाकणात चिकटवले होते, आणि शब्दकोश घेऊन त्यातले इंग्रजी तो लावत बसे. त्याचे इंग्रजी वाचन तेथून सुरू झाले.

या सगळ्यांतून जाताना मला वारंवार बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवे. ‘राजा’ ही पदवी असावी असे पुष्कळांना वाटते. ती पदवी नव्हे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांचा एकुलता एक मुलगा राजा अगदी लहान वयात गेला, आणि त्याच्या स्मृतीसाठी त्यांनी आपला संग्रह त्याच्या नावाने उभा केला. अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, दौती, कुलुपे, वाद्ये, खेळणी, म्हणजे ज्या वस्तू राजवाड्याच्या यादीत कोणी लिहून ठेवत नाही आणि घरातून गेल्यावर ज्यांची विचारपूस होत नाही, त्या त्यांनी गावोगाव हिंडून, प्रसंगी पदरचे विकून जमवल्या, आणि पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज त्यांच्याविषयी आपण आदराने बोलतो. परंतु एखाद्या गावातल्या परसात उभा राहून जुनी वज्री मागणारा तो गृहस्थ त्या घरच्यांना त्या वेळी कसा दिसला असेल, याचा विचार मी त्या संग्रहालयाच्या जिन्यावर उभी राहून पुष्कळ वेळ केला. ज्या काळातल्या वस्तू सर्वत्र पसरलेल्या असतात, त्या काळाला त्या जपण्याजोग्या वाटत नाहीत. आणि वाटू लागतात तेव्हा त्या कोणी तरी आधीच, लोकांच्या नजरा सोसून, जपलेल्या असाव्या लागतात. गोव्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या सैनिकांचे रंगभेद नोंदवणारी ती खतावणी याच जातीची आहे, असे म्हणताना मी दोहोंना एका मापाने मोजत नाही. वृत्ती मात्र एक आहे.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मी शिलेदार आणायला पुन्हा गेले. तो धुऊन स्वच्छ झाला होता. टोपीच्या कडेला किल्ल्याची तांबडी माती अजून एका खाचेत होती, आणि गृहस्थांनी ती मुद्दाम राहू दिली होती. मी त्याचे छायाचित्र अमेरिकेत भावाला पाठवले. त्या सैनिकाचा अंगठा मी मोडला, ही आमच्या घरात सर्वमान्य गोष्ट होती. त्याच्या हातात मोठी बंदूक बळेच बसवायचा प्रयत्न केला म्हणून तेव्हा मी बोलणी खाल्ली होती, आणि पुढे मलाही ते खरे वाटू लागले होते. भावाचे उत्तर तासाभराने आले. “ताई, अंगठा माझ्या हातून मोडला होता. तू शाळेतून यायच्या आधी.”

मी तो मजकूर गृहस्थांना वाचून दाखवला. त्यांनी खतावणी उघडली, शिलेदाराची ओळ काढली, आणि ‘मोडतोड’ या रकान्यात जिथे उजवा अंगठा असे लिहिले होते त्यापुढे काही लिहावे का, असे माझ्याकडे पाहून विचारले. मी नको म्हटले. बदललेले भाग: रबरी कडी, तांबड्या शाईने, तारखेसह. प्राप्तिस्थान: माळा, सदाशिव पेठ. मग शेवटच्या रकान्यावर त्यांचे पेन थांबले.

“मूळ मालक कोण लिहू? तुम्ही की भाऊ?”

मी त्यांना ओवाळणीची आणि मामाच्या पैशांची हकिकत सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली, दोघांची नावे वयाच्या क्रमाने एकाखाली एक लिहिली, आणि दोन्हींना मिळून एक महिरपी कंस घालून त्यापुढे शब्द लिहिला: समाईक.